तुझ्या ओळी पुसताना

सुलू,

आंबा सोसायटीच्या केंद्रावर पावत्या काढणाऱ्या गोताडभाऊंचा फोन आला, पावती अडकतेय म्हणून. तुला जाऊन दोन महिने होत आले, आंब्याच्या पहिल्या पेट्या केंद्रावर यायला लागल्या, आणि या सीझनची पहिलीच तक्रार आली ती तुझ्या लाडक्या प्रोग्रामची. "म्याडम, बटन दाबला की ह्या मशीन इचार करत बसतंय. मागं टेंपोवाले बोंबलतायत," भाऊ म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, "सुलभा म्याडम आसत्या तर लगेच आल्या आसत्या." मी म्हटलं, मीही लगेचच येतेय, मी काय मिऱ्याच्या समुद्रावर पोहायला गेलेय? फोन ठेवला आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तुला दोन शिव्या घातल्या.

कुणाला सांगायला गेलं तर किती साधं काम आहे ते. बागायतदार पेट्या घेऊन येतो, यादीतून त्याचं नाव शोधायचं, वजन आणि आंब्याची प्रत लिहायची, पावती छापून हातात द्यायची. मारुती मंदिराजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून आपण दोघींनी तो प्रोग्राम लिहिला. मी भराभर लिहायची आणि तू माझ्यामागून घड्याळ घेऊन यायचीस. प्रत्येक कामाच्या आधी एक आणि नंतर एक अशा वेळ टिपणाऱ्या ओळी तू त्यात घातल्यास. बाकीची माणसं अशा ठिकाणी 'सुरू' आणि 'संपलं' असं लिहितात. तू लिहिलंस, 'बागायतदार शोधायला निघाले.' 'सापडला बाई, कुठे दडला होता?' 'वजन लिहिलं, आता घासाघीस नको.' 'छपाईला दिलं, पुढे देवाची मर्जी.' आणि एखादं काम ठरल्यापेक्षा लांबलं तर, 'चहा पिऊन आलास काय रे?' स्क्रीनच्या उजव्या बाजूला काळ्या चौकटीत या ओळी वर सरकायच्या आणि प्रत्येकीपुढे किती वेळ गेला त्याचा आकडा यायचा. गोताडभाऊ त्या मोठ्याने वाचायचे आणि रांगेतले बागायतदार हसायचे.

तू गेलीस तरी त्या ओळी बोलायच्या थांबल्या नाहीत. हे मला आधी सुचलंच नव्हतं. बारावं-तेरावं आटोपून मी ऑफिस उघडलं, सवयीने प्रोग्राम चालू केला आणि समोर तू, 'बागायतदार शोधायला निघाले.' मी मशीन बंद केलं. मग पुन्हा चालू केलं. खोट्या नावांनी, खोट्या वजनांच्या पावत्या काढत बसले. गेल्या दोन महिन्यांत काम नसतानाही मी किती पावत्या काढल्या असतील ते तुला सांगणार नाही, कारण तू लगेच आकडा विचारशील.

तुझं हे मोजण्याचं खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. पोफळीच्या कॉलनीत वाढलेली तू. वडील डोंगराच्या पोटातल्या वीजघरात पाळीवर जायचे आणि तासातासाला मीटरचे आकडे टिपायचे. "यंत्राच्या आवाजावर जाऊ नये, काट्यावर जावं," हे त्यांचं वाक्य तू मला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ऐकवलंस. आणि मी पावस गावाच्या वाटेवरच्या बागेत वाढलेली. आमचे बाबा कलमाखाली उभे राहून नुसतं वर बघतात आणि सांगतात, फळांचे खांदे भरलेत, उतरवा. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि तो माझ्यातही उतरलाय अशी माझी ठाम समजूत होती. आपलं जमलं कसं हेच लोकांना कळायचं नाही. मला तरी कुठे कळलं होतं?

पहिल्या सीझनला प्रोग्राम रडतखडत चालायचा तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं की दोष प्रिंटरचा आहे. नवा प्रिंटर मागायला मी सोसायटीच्या चेअरमनकडे निघालेही होते. तू दारात उभी राहिलीस. "असेल म्हणतेस की आहे म्हणतेस?" "आहे गो!" "मग दाखव." दाखवायला माझ्याकडे काय होतं? तू घड्याळ लावलंस आणि प्रिंटर अगदी निर्दोष निघाला. सगळा वेळ जात होता नाव शोधण्यात. माझा प्रोग्राम प्रत्येक वेळी यादी पहिल्या माणसापासून वाचत सुटायचा, त्यामुळे यादीत अगदी शेवटी असलेल्या हळदणकरांची पाळी आली की रांग थांबायची. भाऊंच्याही ते लक्षात आलं होतं, पण ते बिचारे हळदणकरांच्या पायगुणाला बोल लावायचे.

मग मी हट्टाला पेटून नवीन पद्धत लिहिली. शब्दकोशात आपण थेट त्या अक्षरापाशी जातो ना, तशी. आणि त्यावरून आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं, आठवतं? जुना प्रोग्राम तू सकाळी मोजलास आणि माझा नवा दुपारी. आकडे बघितलेस आणि शांतपणे म्हणालीस, "मंजे, तुझा नवा जुन्यापेक्षा सावकाश चालतोय." मी म्हटलं, शक्यच नाही. तू म्हणालीस, आकडा समोर आहे. आणि माझं सगळं काम तू बाजूला काढून ठेवलंस. मी रागाने ऑफिसातून निघाले ती भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेले आणि वाटेत तुझ्या आकड्यांची सात पिढ्यांसकट आठवण काढली. मला आतून खात्री होती, पण तुझ्यापुढे आतल्या खात्रीचं काय चालणार?

दुसऱ्या दिवशी तू बागेत आलीस. मी कलमाखाली पेंढा घालून पेट्या भरत होते, वर मान केली नाही. तू समोर उकिडवी बसलीस, एक आंबा उचललास, परत ठेवलास आणि म्हणालीस, "काल दुपारी लाईट नव्हती."

"मग?"

"लॅपटॉप बॅटरीवर चालला होता गो. बॅटरीवर असला की तो स्वतःच सावकाश होतो, चार्ज टिकवायला. मी प्लग बघितलाच नाही."

मी इतकी हसले की मजुरीच्या बायका बघायला आल्या. वीज जिथे तयार होते त्या पोफळीची पोर, आणि तिला विजेनंच फसवलं! "बाबांना सांगू नको हं," एवढंच तू म्हणालीस, आणि कान लाल करून माझ्याबरोबर पेट्या भरायला बसलीस. काट्यावर जावं हे खरं, पण काटासुद्धा उपाशी आहे की जेवलेला हे आधी बघावं, ही भर तुझ्या वडिलांच्या वाक्यात तू त्या दिवशी घातलीस. माझा प्रोग्राम तू परत जागेवर ठेवलास आणि हळदणकरांचा पायगुण सुधारला.

गाऱ्हाणं सुरू झालं ते त्यानंतर. गावात कुठलंही काम काढलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात, तसं तू प्रत्येक मोजणीआधी उभी राहून हात जोडायचीस. "बा देवा म्हाराजा! आज ह्या दोन लेकी ह्या मशीनचा वेळ मोजूक बसल्यात. पलग लावलेला हाय, दुसरा काय चालू नाय. खरा आकडा आसंल तो दाखव, खोटा आसंल तो भायेर काढ, आनि चूकभूल झाली तर पदरात घे रे म्हाराजा!" मी खुर्चीतूनच म्हणायचे, "होय म्हाराजा!" एकदा बँकेचा माणूस दारात येऊन हे सगळं ऐकून गेला. त्याला आपण देवाधर्माच्या सामानाचा धंदा करतो असं वाटलं असणार. पण त्या गाऱ्हाण्यामुळे प्लग बघायचा आपण पुन्हा कधी विसरलो नाही.

आणि घावन. पहिली मोजणी धरायची नाही, हे मला तू तव्यापुढे उभी करून शिकवलंस. पहिलं घावन नेहमी चिकटतं, तवा अजून तापलेला नसतो. मशीनचंही तसंच, पहिल्या खेपेला त्याला सगळं शोधून हाताशी घ्यावं लागतं, तो वेळ खरा नव्हे. "पहिलं कावळ्याला," तू म्हणायचीस, आणि पुढच्या पाच-सहा खेपांमधला मधला आकडा धरायचीस. तुझ्या हातचं दुसरं घावनही चिकटायचं ही गोष्ट वेगळी. सुलू, तुझ्या घरच्या त्या ओट्याशी उभं राहून, नारळाचा रस आणि तुटकी घावनं खात, प्रोग्राम कुठे वेळ खातो यावर वाद घालणं हे माझं सुख होतं. ते सुख आहे हे तेव्हाही मला कळत होतं, एवढं माझ्या नशिबात बरं होतं.

आता आपल्या शेवटच्या वादाबद्दल.

गेल्या सीझनच्या अखेरीला मी म्हटलं होतं, "सुलू, तुझी ही बडबड आता काढून टाकू या. सगळं नीट चाललंय, घड्याळ कशाला?"

"नीट चाललंय हे घड्याळामुळेच कळतंय ना?"

"पण घड्याळ बघायलाही वेळ लागतोच की."

"किती?"

"थोडा तरी."

"थोडा म्हणजे किती? मोजलास?"

"मोजू कशाने? तुझ्याच घड्याळाने?"

तू पेन तोंडात धरलंस. मग म्हणालीस, "हे मात्र बरोबर बोललीस. बाहेरून मोजायला हवं." आणि पोटावर हात धरून जरा वाकलीस. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, पित्त असेल.

असेल! मला ऑफिसात 'असेल' म्हणू न देणारी तू. महिनोन्महिने पोट दुखत होतं आणि तू अंदाजावर चालवलंस. उन्हाचं असेल, फणस बाधला असेल, जागरण झालं असेल. मी म्हणायचे, सोनोग्राफी करून घे, तर सीझन संपू दे. सीझन संपला तर गणपती होऊ देत. साऱ्या जगाचं मोजलंस आणि स्वतःचं तेवढं राहिलं. मला तुझा भयंकर राग येतो सुलू. सकाळी दात घासताना येतो, भाजी निवडताना येतो. ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी मी जास्त रडते.

कोल्हापूरच्या दवाखान्यात तुझी आई पाणी आणायला खाली गेली होती तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं काहीतरी सांगायचं असेल, निरोपाचं वगैरे. तू विचारलंस, "बाहेरून मोजलंस काय गो?" मी म्हटलं, नाही, तुझ्याशिवाय कशी मोजू, गाऱ्हाणं कोण घालणार? तू हसलीस, हसताना दुखलं. "घरी आले की मोजू. जे येईल ते मान्य." एवढ्यात आई आली आणि तू तिला मोसंबी सोलायला सांगितलंस. मला तुला सांगायचं होतं की तुझ्या ओळी राहू देत, मला त्या आवडतात, मी उगाच भांडत होते. आईसमोर ते राहिलं. मग राहूनच गेलं.

तुझ्या घरी भेटायला येणारे मला सांगतात, थोडा वेळ जाऊ दे, सावरशील. परवा तुझ्या मावशीसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडा म्हणजे किती?" त्या बघतच राहिल्या. तुझ्या आईला मात्र हसू आलं, पदराने डोळे पुसत हसली. ही तुझीच देणगी. आता मला कुणी 'बराच', 'थोडा', 'जवळजवळ' म्हटलं की जीभ आवरत नाही.

तर भाऊंचा फोन आला आणि मोजणं भागच पडलं. मी सोसायटीच्या मशीनसमोर बसले. प्लग बघितला. गाऱ्हाणं घातलं नाही, माझ्या तोंडी ते शोभलं नसतं. आधी तुझ्या काळ्या चौकटीतले सगळे आकडे मिळवले. नाव शोधलं, वजन लिहिलं, छापलं, सगळं मिळून एक सेकंदसुद्धा होत नव्हतं. तुझ्या हिशेबाने पावती डोळ्याची पापणी लवते तोवर यायला हवी होती. मग भाऊंना म्हटलं, तुम्ही बटण दाबा, आणि मोबाईलवरचं घड्याळ लावून बाहेरून मोजलं. पहिलं कावळ्याला सोडलं. पुढच्या प्रत्येक खेपेला माझं घड्याळ पळतच होतं, पळतच होतं, आणि तोवर भाऊंनी तंबाखू मळून घेतली.

तुझ्या आकड्यांत न दिसणारा हा वेळ जात कुठे होता? तुझ्या ओळींतच गो. प्रत्येक ओळ स्क्रीनवर यायची तशी एका फाईलमध्येही जायची. फाईल उघडायची, शेवटी ओळ घालायची, बंद करायची. तीन सीझनची तुझी बडबड साठून ती फाईल अगडबंब झालीय, आणि दर वेळी बंद झाली की सोसायटीच्या मशीनमधला अँटीव्हायरस ती पहिल्यापासून तपासतो. तुझं घड्याळ ओळ लिहून झाल्यावर सुरू व्हायचं आणि पुढची लिहायच्या आधी थांबायचं. ओळ लिहिण्याचा वेळ दोन्हींच्या मधे पडायचा, म्हणून तो कुठेच दिसत नव्हता. मी खुर्चीत मागे टेकले. माझं खरं निघालं होतं. आनंद व्हावा म्हणून जरा वाटही पाहिली.

मग मी पळवाटा शोधल्या, तुझ्यापासून काय लपवू. जुनी फाईल रिकामी केली तर? हा सीझन बरा जाईल, पुढच्या कुठल्यातरी सीझनला ऐन भरात पुन्हा अडकेल. नुसती स्क्रीनवर बोलू दे, फाईल नको? त्यात तुझं मोजणं जाईल आणि नुसती करमणूक उरेल. ती तुला चालली नसती. ओळी ठेवून एक खटका घालून बंद करून ठेवल्या तर? पण चालत नाही ते प्रोग्राममध्ये ठेवायचं नाही, हा नियम तूच केलेला. 'कशासाठी?' असं तू विचारलं असतंस आणि 'तुझ्यासाठी' हे उत्तर तुला पटलं नसतं. जुनी प्रत जपून ठेवलीय, ती कुठे जात नाही. पण ती काय, ट्रंकेत घडी करून ठेवलेली साडी. ती कुणी नेसत नाही.

सगळ्या ओळी एकदम निवडून एका फटक्यात उडवता येतात. मी तसं केलं नाही. एकेक काढली. 'सापडला बाई' काढली. 'घासाघीस नको' काढली. 'चहा पिऊन आलास काय रे' काढताना मी मोठ्याने म्हटलं, नाही गो बाय, तूच अडवून धरला होतास त्याला. 'पुढे देवाची मर्जी' एवढी एक ठेवावी असं फार वाटलं. ती एक ठेवून मोजलं. एका ओळीनेसुद्धा बटणानंतर जीव टांगणीला लागावा इतका खोळंबा होत होता, आणि मागे माणसं पेट्या घेऊन उन्हात उभी असतात. शेवटी तीही काढली. जे येईल ते मान्य, असं तू म्हणाली होतीस. मला मान्य नव्हतं. तरी काढली.

आज सकाळी केंद्रावर नवीन प्रोग्राम बसवला. टेंपो रस्त्यापर्यंत लागले होते. भाऊंनी नाव घातलं, वजन घातलं, बटण दाबलं, आणि त्यांचं बोट उचलायच्या आत प्रिंटर कुरकुरला. पावती बाहेर. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आरं वा!" भाऊंनी पावती फाडून दिली आणि मग स्क्रीनच्या उजव्या बाजूला बघत राहिले.

"म्याडम, आता ह्या काय बोलनार नाय?"

"नाही भाऊ."

"बरा," ते म्हणाले, आणि पुढच्याला बोलावलं.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. एकेक पावती पटापट येत होती, माणसं आपापल्या पेट्या मोकळ्या करून परतत होती, कुणालाच थांबावं लागत नव्हतं. सुलू, माझं बरोबर निघालं गो. ये ना, एकदा भांड माझ्याशी.